पत्र्यावरची भागरताबाई

मेलेल्या माणसाचे डोळे उघडून पाहिजे असले तर गोंदियात लोक माझ्या दुकानात येत. स्टेशनाकडून बाजारात शिरताना डाव्या हाताला 'रतन पेंटर' अशी पाटी होती, तेच ते. दुकानांच्या पाट्या, सिनेमाचे बोर्ड, बिडीच्या लेबलावरचे वाघ आणि मोर, सगळं मी केलं. वाघ तर इतके काढले की खरा वाघ समोर आला असता तर त्याच्या मिशा चुकल्यात असं मी त्याला सांगितलं असतं. पण घर चाललं ते मेलेल्यांवर.

आता ही काय भानगड, ते सांगतो. तेव्हा आमच्याकडे खेड्यात जित्या माणसाची तसबीर काढत नसत. काढली की आयुष्य घटतं म्हणत. माणूस गेला की मग सगळ्यांना त्याच्या चेहऱ्याची आठवण. घाईघाईनं फोटोग्राफरला बोलवायचं, मयताला खुर्चीत टेकवून फोटो काढायचा आणि तेरवी झाली की तो फोटो माझ्याकडे आणायचा. डोळे मिटलेले, मान कललेली, नाकात कापूस. मी कापूस काढायचा, मान सरळ करायची, डोळे उघडायचे, डोक्यावर फेटा ठेवायचा, गालाला गुलाबी रंग द्यायचा. काही जणांचा तोही फोटो नसे. एक पोवार शेतकरी तर बापाचं नाक दाखवायला चुलत्याला, मिशी दाखवायला मामाला आणि साक्ष द्यायला न्हाव्याला घेऊन आला. तिघांना समोर बसवून मी चौथा माणूस काढला. घरच्यांनी रडून दुकान डोक्यावर घेतलं. 'हुबेहूब' म्हणाले. हुबेहूब कुणासारखा, ते मला अजून कळलेलं नाही.

या धंद्यात एकच नियम होता, तोंडावर अंधार नको. गिऱ्हाइकाला चेहरा गोरा, गोल आणि पुऱ्या उजेडात लागे, दोन्ही कान दिसायला हवेत. नाकाखाली जरा सावली टाकली की "इथं कारा डाग कायचा जी?" म्हणून बोट लावत. तोंड काळं होणं म्हणजे आपल्याकडे काय ते मी सांगायला नको. मीही सावलीच्या भानगडीत पडत नसे.

अशा माझ्या दुकानात स्वातंत्र्यानंतर वर्षा-दीड वर्षात एमिल साहेब आला. हा बेल्जमचा चित्रकार. तैलरंगात माणसांचे चेहरे रंगवणं हे त्याचं काम. तो हिंदुस्थानात आला तो राजांसाठी. छत्तीसगडच्या बाजूला तेव्हा छोटी छोटी संस्थानं होती, तिथल्या राजांना आपली मोठी चित्रं भिंतीवर लागत. साहेब एका राजाकडून दुसऱ्याकडे जायचा, खायचा, प्यायचा, रंगवायचा. मग संस्थानंच विलीन झाली. राजे राहिले, पण चित्रं काढून घ्यायची हौस गेली. मुंबईकडे जायला निघालेला हा माणूस गोंदियाला उतरला. ताप आला होता म्हणून उतरला आणि बारा वर्षं राहिला. अशीही माणसं असतात.

लाकडी पेटी खाली ठेवून तो माझ्या पाटीवरचा वाघ बराच वेळ पाहत उभा राहिला होता. मग राजांच्या नोकरांकडून उचललेल्या हिंदीत म्हणाला, "ये शेर अच्छा है. मगर ये धूप में खड़ा है, इसका परछाई किधर गया?"

मी म्हणालो, "साहेब, परछाई का पैसा कोई नहीं देता."

तो हसला. तेव्हापासून आमचं भांडण सुरू झालं, आणि भांडता भांडता त्यानं माझ्या दुकानाची मागची खोली घेतली.

साहेबाचंही एक व्रत होतं. मेलेल्याला तो हात लावत नसे. माणूस समोर बसला पाहिजे, बोलला पाहिजे, कंटाळला पाहिजे, तेव्हा कुठे तो ब्रश उचलायचा. आणि उजेड एकाच बाजूनं घ्यायचा. अर्धा चेहरा उजेडात, अर्धा काळोखात. त्या काळोखात नीट पाहिलं की डोळा दिसे, गालाचं हाड दिसे, माणसाचं सगळं वय दिसे. मी पेंटर आहे, मला ते दिसत होतं. पण गिऱ्हाईक काही पेंटर नव्हतं. मी रोज सांगायचो, "साहेब, थोड़ा उजाला करो, चार काम मिलेंगे." तो म्हणायचा, "परछाई निकालो तो नाक भी निकालो." बारा वर्षं आमचं हेच चाललं. चहा पिताना, जेवताना, रस्त्यानं चालताना. बाजारातले लोक म्हणत, या दोघांचं लग्न लावून टाका.

तरी त्याला कामं मिळाली. गोरा माणूस आपलं चित्र काढतो याचीच लोकांना ऐट वाटे. बिडीवाले शेठ बसले, आमगावकडचे मालगुजार, म्हणजे जमीनदार, बसले, एक-दोन डॉक्टर, वकील बसले. पण त्याचं सगळ्यात चांगलं काम झालं ते अर्जुनीच्या पुढच्या एका कोहळी घरात.

कोहळी म्हणजे आमच्या झाडीपट्टीत तलाव बांधणारे शेतकरी. त्या घराची म्हातारी, भागरताबाई, नवरा गेल्यावर गावच्या तलावाची पाळ, म्हणजे मातीचा बांध, दरसाल स्वतः उभी राहून दुरुस्त करून घ्यायची. मुलगा मंसाराम पाटील चाळिशीचा बाप्या, पण आईपुढे मान वर करत नसे. तो मला आईची तसबीर आधीच काढून ठेवता येते का विचारायला आला होता. मेल्यावर धावपळ नको, म्हणे. मी साहेबाला घेऊन छोट्या रुळांच्या आगगाडीनं गेलो. सून कौसल्याबाई तर दारातच रडायला लागली, सासूबाईंचं आयुष्य कमी होईल म्हणून. म्हातारी आतून ओरडली, "माही उमर आता का कमी होते वो? जेवढी व्हायची होती तेवढी झाली. बसव त्या गोऱ्याले, पानी दे."

दाराशी पायलीभर लाखोळीची डाळ सुपात घेऊन निवडत ती बसली. साहेबाकडे तिनं ढुंकून पाहिलं नाही. खडा सापडला की अंगणात फेकायची आणि फेकताना कुणाला तरी शिवी द्यायची. साहेबाला शिव्या कळत नव्हत्या, पण तो हसत होता. तीन-चार दिवस तो तिथं रंगवत होता. त्याला इतकं खूश मी आधी पाहिलं नाही, नंतरही नाही.

चित्र झालं. उजव्या गालावर दारातला उजेड, डावा गाल काळोखात, आणि त्या काळोखातून तो दुसरा डोळा असा पाहतो आहे की आपण पाळीवर कामचुकारपणा करताना सापडलो असं वाटावं. घरची सगळी जमली. कौसल्याबाई म्हणाली, "अर्धं तोंड कारं काऊन केलं जी?" मी मनात म्हणालो, झालं, आता चित्र परत.

म्हातारीनं चित्राकडे पाहिलं आणि सुनेला झापलं, "माह्या घराले दार एकच हाय. एका दारातून उजेड येते, मंग एकाच बाजूनं दिसन ना मी!"

हे मी साहेबाला हिंदीत सांगितलं. तो उठला आणि वाकून तिच्या पाया पडला. तिनंही पाया पडू दिलं.

असे दिवस गेले. मग साठ सालाच्या आसपास साहेबाला त्याच्या गावच्या चित्रशाळेतून बोलावणं आलं. तिथं त्याचा जुना सोबती मोठ्या जागेवर होता. शिकवायची जागा आहे, त्यानं लिहिलं, पण इतकी वर्षं हिंदुस्थानात काय केलंस ते लोकांना दाखवावं लागेल. वीस-एक चित्रं घेऊन ये, त्यावर ठरेल. साहेब साठीकडे झुकला होता. दर पावसाळ्यात ताप यायचा, माझी बायको पेज करून द्यायची. गावी त्याची म्हातारी बहीण एकटी होती. तिचं नाव तो रोज घ्यायला लागला. जायचं तर हीच वेळ होती, आणि चित्रं सगळी लोकांच्या भिंतींवर.

"रतन, हम मांग के लाएगा," तो म्हणाला. "दिखा के वापस भेजेगा." आणि आम्ही दोघं निघालो.

पहिला बिडीवाला शेठ. गादीच्या मागे, लक्ष्मीच्या शेजारी, त्याचं चित्र होतं. शेठ मोठ्या कौतुकानं म्हणाला, "साब, चमक देखिए! हर दिवाली घासलेट से साफ कराता हूँ." चमक होती खरी. चेहरा नव्हता. घासलेटच्या बोळ्यानं दारं-खिडक्या पुसता पुसता गड्यांनी शेठलाही पुसला होता. पगडी शाबूत, खाली सगळं बिडीच्या पानासारखं तपकिरी. शेठला मात्र त्यात आपण दिसत होतो.

इथं थोडं धंद्याचं सांगावं लागेल. तैलरंग वरून सुकल्यासारखा दिसतो, पण आत बरेच महिने ओला राहतो. नंतर त्यावर वॉर्निशचा हात मारतात, म्हणजे धूळ-पाणी आत जात नाही. साहेबाजवळचं वॉर्निश पहिल्या दोन वर्षांत संपलं. परदेशी कापडही संपलं. मग तो आमच्या बाजारातल्या मांजरपाटावर सरस आणि खडू चढवून कापड तयार करायचा. काम उत्तम, पण सरस म्हणजे पाण्याचा वैरी. ओलं फडकं लागलं की खालून सुटतो आणि वरचा रंग घेऊन जातो. साहेब प्रत्येक घरी बजावून यायचा, "पानी नहीं. कपड़ा नहीं. सूखा ब्रश." लोक मान डोलवायचे. पण आपल्या घरात भिंतीवर तसबीर आहे आणि ती पुसायची नाही, टिळा लावायचा नाही, हे जमणार कसं? धूळ खात ठेवली तर लोक काय म्हणतील?

आमगावकडच्या मालगुजाराचं चित्र पुसलेलं नव्हतं. ते सुधारलेलं होतं. मालगुजारी गेली, मालगुजार निवडणुकीला उभा राहिला, तेव्हा त्यानं जरीच्या पगडीवर पांढरी टोपी काढून घेतली होती. त्याच हातानं डाव्या गालावरचा काळोखही बुजवून घेतला होता. ते कुणी केलं, मी विचारलं नाही. माझ्यासारखाच कुणी तरी पाटीवाला असणार. साहेबानं टोपीकडे पाहून विचारलं, "जीता क्या?" मालगुजार म्हणाला, "नहीं." साहेब म्हणाला, "हम भी."

डॉक्टरांच्या घरी वाळवी लागली होती. वकिलांच्या पोरांनी मिशा काढल्या होत्या. कुठं कोपरा, कुठं हात, कुठं काठी धड सापडली. मी दर घरातून बाहेर पडताना शिव्या देत होतो. साहेब उलट माझीच समजूत घालायचा, "भागरताबाई है ना. एक अच्छा चित्र बीस के बराबर है." त्या एका चित्राच्या भरवशावर तो पुढचं घर चढायचा.

शेवटी आम्ही तिथं गेलो. म्हातारी चार वर्षांपूर्वी गेली होती, हे ठाऊक होतं. मंसाराम पाटलानं पाय धुवायला पाणी दिलं, कौसल्याबाईनं चहा ठेवला, आणि आम्हाला देवघरात नेलं. चित्र देवांच्या शेजारी होतं. ताज्या फुलांचा हार. हाताची बोटं होती, लाखोळीचं सूप होतं, पदर होता. चेहऱ्याच्या जागी मात्र मांजरपाट उघडा पडला होता आणि त्या कोऱ्या कापडावर, कपाळ असेल तिथं, त्या सकाळचं कुंकू होतं.

कौसल्याबाईच म्हणाली, "रोज आंघोर घालतो जी आमी. देवाले घालतो तशीच. एकबी दिवस चुकलो नाई."

जी बाई पहिल्या दिवशी दारात रडली होती, तिनंच हे केलं होतं. रागवायलाही जागा नव्हती. साहेब भिंतीला टेकून खाली बसला.

मग त्यानं विचारलं, हात आणि सूप तरी उरलंय, एवढं कापड नेऊ का? मंसारामनं हात जोडले. "नेता त न्या जी, तुमचंच हाय. पन सकारी पूजा कोनाची करू?" आणि म्हणाला, "साहेब, माय घासून गेली. एकडाव पुन्ना काढून द्या. आन एक सांगतो, राग नोका मानू. या खेपेले अंधार नोको. जिती होती तवा जलमभर एका दाराच्या घरात रायली. आता तरी सारा उजेड पडू द्या तिच्यावर."

मी ते हिंदीत सांगितलं. मला वाटलं साहेब नेहमीचं उत्तर देईल, नाकाचं. त्यानं नुसती मान हलवली आणि मला म्हणाला, "रतन, तेरा पत्रा दे. और तेरा रंग."

पाट्यांना वापरतो तो पत्रा, डब्यातला चकचकीत रंग. पाणी लागो, घासलेट लागो, ढिम्म हलत नाही. बारा वर्षं ज्या रंगाला त्यानं नाक मुरडलं, तो मी गोंदियाहून आणून दिला. मेलेल्या माणसाला हात न लावणारा तो माणूस पत्र्यासमोर बसला. कुणाला काही विचारलं नाही, चेहरा त्याला पाठ होता. गोरी, गोल, हसरी भागरताबाई काढली. दोन्ही गाल उजेडात, दोन्ही कान दिसतात. सावली नावालाही नाही. कौसल्याबाईनं डोळ्याला पदर लावला. "आता दिसल्या वो मामीजी!" म्हणाली. सासूला ती मामीजीच म्हणायची. सगळं घर आनंदात होतं, आणि मला परसात जाऊन रडू आलं. बारा वर्षं मी जे माग माग मागत होतो ते मला मिळालं होतं, आणि मला ते नको होतं.

"साहेब, नाम तो लिखो," मी म्हणालो. तो ब्रश पुसत म्हणाला, "जाने दे."

पंधरवड्यात तो मुंबई मेलनं गेला. जाताना लाकडी पेटी तेवढी होती, चित्र एकही नव्हतं. मग एकच कार्ड आलं. जागा दुसऱ्याला मिळाली होती, बहीण बरी होती, थंडी फार होती. शेवटी विचारलं होतं, पत्रा ठीक आहे का? मी उत्तर टाकलं. पुढे काही आलं नाही. त्यानंतर त्याचं काय झालं मला माहीत नाही, आणि ही खंत माझ्याबरोबर जाईल.

पत्रा पाहायला म्हणून मी त्याच वर्षी कोहळ्यांच्या घरी गेलो. चित्र लखलखीत होतं. मंसारामचा एक सोयरा आमगावकडून आला होता. तो म्हणाला, "लय साजरी काढली जी तुमी."

"मी नाही. साहेबानं काढली."

मंसारामही म्हणाला, "हव, साहेबाचीच हाय." सोयरा हसायला लागला. "चाला जी! साहेबाची तसबीर मी मालगुजाराच्या घरी पायली हाय ना, पयले होती तशी. अर्धं तोंड अंधारात. हे त सारी उजेडात हाय. हे साहेबाची कशी असन?"

मला चीड आली. पिशवीत ब्रश होता, रंगाची डबी होती. साहेबाचं नाव लिहून टाकतो म्हणून मी पत्र्याच्या कोपऱ्याशी वाकलो. तर कौसल्याबाई धावत आली. "नाव नोका लिवू जी पेंटरभाऊ! देवाच्या तसबिरीवर कोनी मानसाचं नाव लिवते का?" तिला दुखवणं माझ्याच्यानं झालं नाही. मी ब्रश पिशवीत टाकला.

परतीच्या गाडीत तो सोयरा माझ्याच डब्यात बसला. अख्ख्या डब्याला ओरडून सांगत होता, "हेच ते पेंटर, मंसाराम पाटलाच्या मायची तसबीर काढनारे!" चार-पाच जणांनी उठून मला रामराम केला, एकानं बसायला खिडकी दिली. मी नाही नाही म्हणत राहिलो. शेजारचा म्हातारा सगळ्यांना म्हणाला, "मोठी मानसं अशीच बोलतेत गा."